पावसाळा गाळलेला आलेख

मागच्या जुलैतली गोष्ट. एसवायच्या बॅचचं प्रॅक्टिकल चालू होतं आणि बाहेर सकाळपासून कोसळत होता. कॉरिडॉरमध्ये छत्र्या उघडून वाळत ठेवल्या होत्या. त्यांचं पाणी कम्प्युटर लॅबमध्ये येऊ नये म्हणून मामांनी गोणपाटाची घडी दाराशी टाकली होती, तरी ओल्या बॅगांचा आणि न वाळलेल्या जीन्सचा वास खोलीभर होताच. कल्याणहून येणारी एक मुलगी आहे, हुशार, कामाला चोख. तिने हाक मारली, "मॅडम, माझं झालं. डेटा क्लीन केला, आउटलायर्स काढले, आलेखपण आला." मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. स्क्रीनवर निळ्या रंगातला नेटका आलेख होता. दोन्ही अक्षांना नावं दिलेली, एककं लिहिलेली, वर मथळा: सांताक्रूझ, रोजचा पाऊस, २००५. माझी नजर सवयीने जुलैच्या शेवटाकडे गेली. तिथे काहीच नव्हतं. मग मी उभा अक्ष बघितला. तो तीन मिलिमीटरवर संपत होता.

त्या आलेखात मुंबईला पावसाळाच नव्हता.

तिने केलं होतं ते जर्नलमधल्या पायऱ्यांनुसार अगदी बरोबर होतं. आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून फार दूर पडलेला आकडा, ओळखायचा एक प्रसिद्ध नियम आहे. सगळे आकडे चढत्या क्रमाने मांडायचे, एक चतुर्थांशावरचा आणि तीन चतुर्थांशावरचा आकडा घ्यायचा, दोघांतलं अंतर काढायचं, आणि वरच्या आकड्यात त्या अंतराची दीडपट मिळवून जी रेघ येईल तिच्या पलीकडचं सगळं संशयित धरायचं. मुलांच्या उंचीला किंवा रोधकांच्या किमतीला हा नियम छान चालतो. पावसाचं गणित निराळं आहे. मुंबईत वर्षातले तीन चतुर्थांश दिवस कोरडे तरी असतात किंवा जेमतेम रस्ता ओला करणारे. त्यामुळे तीन चतुर्थांशावरचा आकडा मिलिमीटरच्या आसपास येतो, रेघ अडीचच्या आसपास पडते, आणि तिच्या पलीकडे जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचा सगळा खरा पाऊस राहतो. प्रोग्रॅमने तो निमूटपणे काढून टाकला. लाल अक्षरात एररसुद्धा आली नाही. वर्षाची बेरीज तीस मिलिमीटरच्या आत आली होती आणि तिने ती दोन दशांश स्थळांपर्यंत जर्नलमध्ये उतरवली होती. जैसलमेरलाही वर्षाला याहून कितीतरी जास्त पाऊस पडतो. खिडकीबाहेर इतका धो धो चालला होता की मला तिच्याशी आवाज चढवून बोलावं लागत होतं. तरी त्या तीस मिलिमीटरवर तिची नजर अडली नव्हती.

"अगं, ९४४ कुठे गेला?" मी विचारलं.

"कुठला ९४४, मॅडम?"

बरोबरच आहे. ही मुलं त्या सुमाराला किंवा त्यानंतर जन्मलेली. माझ्या पिढीच्या मुंबईकराला ९४४ हा आकडा स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ आहे. २६ जुलै २००५ च्या त्या रात्री मी कालिन्याजवळ एका डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर होते. खालच्या मजल्यावर सीटच्या वर पाणी आलं होतं. त्या पाण्याला डिझेलचा वास होता आणि ते थंड नव्हतं, कोमट होतं, ही गोष्ट का कोण जाणे सगळ्यात जास्त लक्षात राहिली आहे. मोबाइल गप्प होते. एका बाईंनी डब्यातल्या उरलेल्या दोन पोळ्यांचे तुकडे करून सगळ्यांना वाटले. सकाळी उतरून चालत निघाले, तेव्हा मिठी नदीच्या बाजूने काय काय वाहून आलं होतं ते लिहायला आजही हात धजावत नाही. त्या चोवीस तासांचा सांताक्रूझचा आकडा ९४४.२ मिलिमीटर, आणि तेवढ्याच वेळात कुलाब्याचा ७३.४. दोन्ही ठिकाणं एकाच शहरात, मध्ये वीस-पंचवीस किलोमीटर. दोन्हींची सरासरी ५०८.८ येते. तेवढा पाऊस त्या दिवशी या दोन्हींपैकी कुठेच पडला नव्हता.

आणखी एक गंमत त्या फाइलमध्ये असते. २६ जुलैच्या ओळीत ९४४ शोधायला गेलं तर मिळत नाही, तो २७ च्या ओळीत असतो. पावसाचा दिवस आपल्याकडे सकाळी साडेआठला संपतो आणि त्या वेळी मोजलेलं पाणी त्या सकाळच्या तारखेवर मांडलं जातं. ज्याला हे ठाऊक नाही, तो दुपारचे लोकलचे तपशील पावसाच्या आकड्यांशी जुळवू पाहील तेव्हा त्याचं सगळं एक दिवसाने सरकलेलं असेल, आणि प्रोग्रॅम तेही मुकाट्याने करून देईल.

ही घटना माझ्या डोक्यातून जाईना. मुलगी निष्काळजी असती तर रागावून मोकळी झाले असते. पण परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक तिचा आलेख बघते तर त्यांनी पैकीच्या पैकी दिले असते. कोड चालतो, आउटपुट येतं, अक्षांना नावं आहेत. आम्ही सायन्सच्या मुलांना कम्प्युटेशन शिकवतो म्हणजे हेच तपासतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर कौशल्याचे पेपर आले, पायथन आलं, डेटा हा शब्द प्रत्येक विभागाच्या माहितीपत्रकात आला, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. संगणक न वापरता आज पदार्थविज्ञान करताच येत नाही. पण हे पेपर ज्या तऱ्हेने चालतात त्यात आकडा हा फाइलमधून येतो आणि फाइल ही लिंकवरून. त्या आधी तो कुठे होता, कोणी, कशाने, किती वाजता मोजला, हे विचारायला वेळापत्रकात तासच नाही.

आमच्या वेळच्या प्रॅक्टिकलचं मला फार कौतुक करायचं नाही. त्यात घोकंपट्टी भरपूर होती, आणि सीनिअरच्या जर्नलवरून रीडिंग जुळवणारेही भरपूर होते. एक मात्र होतं. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपमधून केशनलिकेत चढलेल्या पाण्याची वक्र कड बघताना डोळा दुखायचा. व्हर्निअरची, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीची, कुठली रेघ जुळली यावर पार्टनरशी भांडण व्हायचं. पाच रीडिंग्जपैकी तिसरं भलतंच आलं तर ते का आलं हे आपल्याला साधारण माहीत असायचं, कारण त्याच वेळी कोणीतरी टेबलाला धक्का मारलेला असायचा किंवा पंखा चालू केलेला असायचा. ते रीडिंग सोडायचं की ठेवायचं हे ठरवायला आपल्या हातात काहीतरी होतं. मग लॉग टेबल उघडून, बोटाने ओळ धरून, चार अंकी उत्तर काढायचं. ते काम कंटाळवाणं होतं आणि गेलं ते उत्तम झालं. जाताना ते धक्का मारलेलं टेबलही सोबत घेऊन गेलं, हे मात्र वाईट झालं.

इंजिनीअरिंगकडे तर मोजणं आणि प्रोग्रॅमिंग या दोन गोष्टींची कधी नीट गाठच पडली नाही. माझा भाचा सिव्हिलला होता. पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंगचा विषय सगळ्या शाखांना एकच. त्यात काय होतं, तर मूळ संख्या ओळखा, फिबोनाची मालिका छापा, आर्मस्ट्राँग नंबर शोधा, चांदण्यांचा पिरॅमिड काढा. हे ज्याने महाराष्ट्रात इंजिनीअरिंग केलं त्या प्रत्येकाने केलं आहे, निळ्या स्क्रीनवरच्या टर्बो सीमध्ये, आणि सेमिस्टर संपल्यावर विसरलंही आहे. चांदण्यांच्या पिरॅमिडमधून लूप, म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा चालवणं, कळतो, हे खरं. पण सिव्हिलच्या पोराला लूप ज्यासाठी हवा ते त्याच्या पायाखाली वाहतंय. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तो हिशेब ५० वर नेला. एका हेक्टरवर तासाला २५ मिलिमीटर पडलं आणि सगळं वाहून आलं, तर ते तासाला २५० घनमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७० लिटर. डांबराऐवजी माती असेल तर किती, उतार बदलला तर किती, भरती असताना झडप बंद असेल तर पाणी किती वेळ कुठे थांबेल, हे विचारायला लागलं की लूप आपसूक लागतो, आकड्यांची रांग एकत्र ठेवणारा ॲरे लागतो, आलेख काढावासा वाटतो. भाचा आता एका सल्लागार कंपनीत पाण्याच्या निचऱ्याचंच काम करतो. तो म्हणतो, "मावशी, प्रोग्रॅमिंग मी नोकरीत शिकलो, आणि ज्या उदाहरणांवर शिकलो ती सगळी कॉलेजच्या रस्त्यावरचीच होती."

पूर्वी ही फारकत नव्हती, आणि या शहरात तर नव्हतीच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक सुरू झाला, भारतात घडवलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक. त्याची मेमरी २०४८ शब्दांची, आजच्या भाषेत १० किलोबाइट. आज मोबाइलमधला एक गुड मॉर्निंगचा फोटो तेवढ्यात मावणार नाही. पण ज्यांना गणित सोडवायचं होतं ते भौतिकीवाले स्वतः त्याच्यासमोर बसत होते. एवढ्याशा जागेत काय ठेवायचं आणि काय नाही, हे ठरवायचं तर आपला प्रश्न आधी नीट कळलेला असावा लागतो.

भाषेचा मुद्दाही आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना शिकवणाऱ्या कोणालाही तो टाळता येत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने जे केलं त्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. दहा-दहा मिनिटांचे छोटे धडे, स्क्रीनवर सॉफ्टवेअर जसं आहे तसं इंग्रजीत, आणि कानात आवाज मराठी. धडा एका बाजूला, स्वतःची खिडकी दुसऱ्या बाजूला, थांबवत थांबवत करून बघायचं. डोंबिवलीच्या मराठी शाळेतून आलेला एक मुलगा वर्गात वर्षभर तोंड उघडत नव्हता. त्याने सुट्टीत हेडफोन लावून सायलॅब हे आकडेमोडीचं मुक्त सॉफ्टवेअर असं शिकून घेतलं, आणि मग व्हायवाला मला मॅट्रिक्सची फोड इतकी सुरेख समजावली की मी पुढचा प्रश्न विचारायची विसरले. तिथलाच फॉसी प्रकल्प. त्यात देशभरच्या विद्यार्थ्यांनी नेहमीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोड करून ठेवली आहेत. हे काम वरून रटाळ वाटतं. पण छापील उत्तर आणि आपलं उत्तर जुळत नाही तो क्षण मुलाला जे शिकवतो ते मी फळ्यापुढे उभी राहून शिकवू शकत नाही. पुस्तकाने मध्येच आकडा गोल केला होता का? एकक बदललं का? की छपाईची चूक आहे? छापलेल्या आकड्याकडे संशयाने बघायची परवानगी आपल्या मुलांना शाळेत कोणी देत नाही. ती इथे मिळते.

आणि आता चॅटजीपीटी. त्या मुलीचा कोडही तिथूनच आलेला होता, तिने तो लपवलाही नाही. मला त्याची चीड येत नाही. उलट आमच्या जर्नलमध्ये ज्याला गुण होते ते काम आता दोन सेकंदांत होतं. म्हणजे गुण कशाला द्यायचे हा प्रश्न पुढे ढकलायची सोय उरलेली नाही. कोड लिहून मिळतो, चालतोही, आणि बहुतेक वेळा मागितलं तेच करतो. काय मागायचं हे ठरवायला पाऊस माहीत असावा लागतो. आमच्या झूऑलॉजीच्या मॅडमनी यावर मला त्यांच्याकडचं उदाहरण सांगितलं. मानवी जनुकांची काही नावं मार्च आणि सप्टेंबर यांच्या लघुरूपांसारखी होती. एक्सेलला ती तारखा वाटायची आणि ते ती बदलून टाकायचं. २०१६ मध्ये कोणीतरी तपासलं तर जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण एक पंचमांशांत हा घोळ निघाला. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने त्या जनुकांची नावंच बदलली. ज्यांनी ते निबंध लिहिले ते जीवशास्त्राचे जाणकार होते. त्यांनी फाइल पुन्हा उघडून, एकेक ओळ वाचली नव्हती, इतकंच.

त्या प्रॅक्टिकलनंतरच्या आठवड्यात मी कम्प्युटर लॅब बंद ठेवली आणि बॅचला गच्चीवर नेलं. क्रॉफर्ड मार्केटमधून एक मोठं प्लॅस्टिकचं नरसाळं आणलं होतं. फिजिक्स लॅबमधला व्हर्निअर घेऊन मुलांनी त्याचं तोंड चार दिशांनी मोजलं, कारण स्वस्त नरसाळं पूर्ण गोल कधीच नसतं. सरासरी व्यास १६ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर. हवामान विभागाच्या मापकांत २०० चौरस सेंटिमीटरचं तोंड नेहमीचंच, त्यामुळे हिशेब सोपा झाला: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण २० मिलिलिटर पाणी. खाली कॅन, कॅनभोवती विटा, वर कावळा बसू नये म्हणून तारेची कड. केमिस्ट्रीकडून मोजपात्र उसनं आणलं. रोज सकाळी साडेआठला दोघांनी जायचं, दोघांनी वेगवेगळं वाचायचं आणि वहीत दोन्ही आकडे आपापल्या सहीने लिहायचे. एकदा एकाने १२४० लिहिलं, दुसरीने १२५०. म्हणजे ६१.७ आणि ६२.२ मिलिमीटर. पात्र पातळीत होतं का, पाण्याची कड खालून वाचायची की वरून, यावर लेक्चर बुडेपर्यंत वाद झाला. मी तो थांबवला नाही.

मग रविवार आला. कोणीच आलं नाही. सोमवारी कॅनमध्ये दोन दिवसांचं पाणी होतं.

या एका सोमवारवर आम्ही दोन तास घालवले, आणि शिकवण्याच्या इतक्या वर्षांत माझे याहून चांगले तास फार थोडे झाले असतील. एक जण म्हणाला अर्धं अर्धं करू. एक म्हणाली सगळं सोमवारवर टाकू, मोजलं तेव्हाच. कोणी म्हणालं रविवार शून्य. तेव्हा तो डोंबिवलीचा मुलगा, जो बोलत नसे, म्हणाला, "शून्य कसं? शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. आपण बघितलंच नाही, ते वेगळं." हवामान विभागाच्या ग्रिडच्या फाइल्समध्ये जिथे आकडा नाही तिथे उणे ९९९ असतं ते का, हे मला मग समजवावं लागलं नाही. मी फळ्यावर एक काल्पनिक जुलै मांडला: २८ दिवसांचा पाऊस ८०६.४ मिलिमीटर आणि तीन दिवस बेपत्ता. बेपत्ता दिवस सोडून दिले तर रोजची सरासरी २८.८. शून्य धरले तर २६.०१. उणे ९९९ तसेच बेरजेत गेले तर उणे ७०.६६. तिन्ही उत्तरं कम्प्युटर सारख्याच शांतपणे देतो. तिसरं खोटं हे सगळ्यांना दिसतं. पहिलं आणि दुसरं यांतलं कुठलं घ्यायचं, ते त्या तीन दिवशी काय झालं होतं यावर आहे. मापक दुरुस्तीला गेलं होतं की पुरात बुडालं होतं? बुडालं असेल तर नेमके सगळ्यात जास्त पावसाचेच दिवस हरवले, आणि मग २८.८ सुद्धा कमीच.

तेव्हा त्या कल्याणच्या मुलीने ९४४ स्वतःहून काढला. वहीत गुणाकार करून तिने सांगितलं की २०० चौरस सेंटिमीटरच्या मापकात ते पाणी जवळजवळ १९ लिटर होतं. "मॅडम, आपला कॅन पाचचा आहे. मग त्या रात्री मध्ये मध्ये कोणीतरी जाऊन मोजून रिकामं केलं असणार ना?" मोठ्या वेधशाळांत दर तीन तासांनी नोंदी होतात, रात्रीही, हे मी सांगितलं. वर्ग गप्प झाला. ज्या पावसात सगळं शहर जीव मुठीत धरून होतं त्या पावसात कामावर असलेल्या माणसाचा विचार त्या फाइलवरून पहिल्यांदाच कोणाच्या तरी मनात आला होता. पुढच्या तासाला मुलांनी घरून आपापले आकडे आणले. कुर्ल्याच्या चाळीत मीटरच्या पेटीपर्यंत. बदलापूरला उल्हासचं पाणी आजीच्या फडताळाच्या तिसऱ्या फळीला. एकाचे वडील कंबरेपर्यंत म्हणाले आणि काका छातीपर्यंत. मग दोघांची उंची विचारून ते पाणी एकच होतं का हे तपासलं गेलं.

या सगळ्याच्या मागे माझ्या मनात कुलाब्याची वेधशाळा असते. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत होती. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्याकडून आलेल्या चुंबकीय वादळात तिथल्या उपकरणाचा काटा कधी नव्हे इतका खाली गेला, साधारण १६०० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). १९८९ मध्ये कॅनडात क्यूबेकची वीज नऊ तास घालवणाऱ्या चुंबकीय वादळात जगभरच्या केंद्रांची सरासरी घट ६०० च्या आत होती. १८५९ मधल्या त्या निरीक्षकांना असं काही होऊ शकतं याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. उपकरण बिघडलं म्हणून ओळ खोडता आली असती. त्यांनी खोडली नाही, नोंदी चालू ठेवल्या. २००३ मध्ये नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्याच नोंदींवरून त्या वादळाची ताकद मोजली. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून, त्यांच्या विद्युतप्रवाहाने मोजमाप बिघडू नये यासाठी, नानाभॉय मूस यांच्या काळात १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. हलवताना दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच नोंदी ठेवल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता येईल. डेटा म्हणजे काय हे शिकवायला मला याहून चांगलं प्रॅक्टिकल सुचत नाही, आणि ते चर्चगेटहून चालत जाता येईल अशा अंतरावर घडलेलं आहे.

आता अडचणी. साठ मुलांनी एकाच फाइलवर एकच काम केलं की एकच उत्तर येतं, आणि ते तपासायला एक संध्याकाळ पुरते. साठ जणांचे साठ डेटा असतील तर प्रत्येक जर्नल वाचावं लागतं. आमच्याकडे हे पेपर शिकवणारे बरेचसे तासिका तत्त्वावर आहेत. दोन कॉलेजांत, कधी तीनांत तास घेतात, आणि मधला वेळ लोकलमध्ये काढतात. त्यांना तासाचे पैसे मिळतात, जर्नल वाचण्याचे नाही. सिलॅबस सोपा का ठेवलाय असं त्यांना विचारणं मला जमत नाही. शिवाय फिजिक्सच्या माणसाने कम्प्युटेशन शिकवायचं की कम्प्युटरच्या माणसाने, यावर कार्यभाराचं राजकारण आहेच. माझं मत सरळ आहे. ज्याने व्हर्निअर वाचलाय त्यानेच तो आकडा फाइलमध्ये भरायला आणि त्याच्यावर लूप फिरवायला शिकवावं. कोडची नजाकत शिकवायला दुसऱ्या विभागाचे मित्र आहेत, ते आनंदाने येतात.

अभ्यास मंडळाने पुढच्या वर्षीच्या यादीतली दोन प्रॅक्टिकल्स बदलायला होकार दिला आहे. एक गच्चीवरच्या नरसाळ्याचं, जूनच्या पहिल्या आठवड्यापासून, रविवारच्या पाळीसकट. दुसरं सांताक्रूझ आणि कुलाबा यांच्या जुलैच्या नोंदींचं, ज्यात एकही ओळ काढायची तर का काढली ते मुलांनी स्वतःच्या शब्दांत, मराठीत चालेल, लिहायचं. बाकीची तशीच आहेत, आर्मस्ट्राँग नंबरही आहे. त्यांच्यासाठी मी पुढच्या बैठकीत कागद ठेवणार आहे. प्रत्येक जर्नलच्या पहिल्या पानावर आकडा कुठून आला, कोणी, कशाने आणि केव्हा मोजला याचे रकाने हवेत आणि त्या पानाला दहा गुण हवेत, अशी पहिली मागणी. हे पान वाचायला लागणाऱ्या वेळेचे पैसे तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना मिळाले पाहिजेत, ही दुसरी. दोन्ही एकाच कागदावर लिहिल्या आहेत, वेगळ्या करून घेणार नाही.